नागरबाईंच्या सुनेच्या गोळ्या

आधीच सांगून ठेवते, मी डॉक्टर नाही. उदगीरला बसस्टँडसमोर आमचं मेडिकल आहे. सासऱ्यांनी काढलेलं. फार्मसीचा डिप्लोमा केलेली सून म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं, आणि मग मला इतकं आवडलं की परवापरवापर्यंत मी त्या काउंटरवर दुसऱ्या कुणाला उभं राहू दिलं नाही. आता गुडघे कुरकुर करायला लागले म्हणून लेकाकडे सोपवलंय. तरी दुपारी जाऊन बसतेच. घरी बसून करू काय, भिंती बघू?

गावातलं गिऱ्हाईक मला अक्का म्हणतं. खेड्यातली माणसं मात्र डॉक्टरीणबाई म्हणतात. मी दर वेळी सांगायची, बाबा, मी डॉक्टर नाही, मी फक्त औषध देते. ते सगळं शांतपणे ऐकून घेणार आणि जाताना म्हणणार, बरं, येतो डॉक्टरीणबाई. शेवटी मी नाद सोडला.

बाहेरून बघणाऱ्याला हा धंदा सोपा वाटतो. डॉक्टरनं लिहायचं, आपण कपाटातून काढायचं आणि पिशवीत घालायचं. खरी कसरत त्याच्या पुढे. 'जेवणाआधी' म्हणजे आमच्याकडे सकाळच्या चहानंतर. 'दिवसातून दोनदा' म्हणजे एकदा घेऊन बरं वाटलं नाही तर दुसऱ्यांदा. आणि 'कोर्स पूर्ण करा' हे वाक्य मी जन्मभर बोलत आले, पण लोकांच्या हिशेबी बरं वाटलं की कोर्स पूर्ण. काही औषधांच्या पाकिटावर लाल रेघ असते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे घेऊ नये, असा तिचा अर्थ. एका आजोबांनी मला विचारलं होतं, लाल रेघ म्हणजे औषध गरम पडतंय ना? गरम औषध आणि थंड औषध, ही आमच्या भागातली खरी फार्मसी. डिप्लोम्याला ती शिकवली असती तर मी पहिली आले असते.

त्यात जंतांच्या औषधांचा गोंधळ निराळाच. शाळेत, अंगणवाडीत पोरांना चघळायची गोळी देतात. त्यामुळे जंताची गोळी म्हणजे गरीब गाय, कुणीही कुणालाही द्यावी, असा समज पक्का झालाय. पोरांना ती सोसते, हे खरंच आहे. पण तीच गोळी वेगळ्या आजारावर, वेगळ्या मापानं, दिवसच्या दिवस द्यायची वेळ येते तेव्हा ती गाय राहत नाही. हे लोकांना समजावून कसं सांगायचं, ते मला अजून जमलेलं नाही. मला स्वतःलाच कधीकधी कळेनासं होतं.

लग्नाआधी मी लोह्याला मामांच्या दुकानात बसायची. तिथं एक शेतकरी बैलाच्या औषधाची बाटली घेऊन आला होता. घरात सगळ्यांना खरूज झालेली. बैलाच्या अंगावर किडे झाले तेव्हा याच औषधानं गेले होते, म्हणून आता त्याला माणसाचं माप पाहिजे होतं. बैलाचं वजन एवढं, त्याला एवढं औषध, तर माझं वजन एवढं, मला किती, असं सरळ त्रैराशिक त्यानं मांडलं. मी नाही म्हणाले. जनावराचं औषध जनावराला, त्याची ताकद वेगळी, त्यात काय काय मिसळलेलं असतं ते वेगळं. तो ऐकेना. म्हणाला, "बाई, बैल आमच्यापेक्षा लाखमोलाचा हाय. त्याला चालतंय ते आमाला का चालंना?" आठवड्यानं कळलं, त्यानं स्वतःच्या अंदाजानं घेतलं, डोळ्यांसमोर अंधारी आली, उलट्या झाल्या आणि दोन दिवस दवाखान्यात काढावे लागले. वाचला. खरूज मात्र तशीच. कारण औषध घेतलं एकट्यानं आणि अंथरूण-पांघरूण घरातल्या सगळ्यांचं एकच. मला भेटला तेव्हा म्हणाला, तरी बैलाची खाज गेली हे तर मान्य करा. केलं मान्य.

आता जे सांगायचंय त्यात असं हसण्यासारखं काही नाही. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणाले तेव्हा मनात हीच गोष्ट आली. शिवलीलाची. ती आज तब्येतीनं बरी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. माझा गोंधळ तिच्या तब्येतीचा नाही.

नागरबाई आमच्या गल्लीतल्या. नवरा लवकर गेला, भुसाराचं दुकान एकटीनं चालवून मुलाला वाढवलं. मन्मथ एकुलता एक. आंघोळ आणि गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय नागरबाई पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत. मांस-मच्छीचं नाव घरात नाहीच, पण बेकरीतलं बिस्कीट घेतानाही पुड्यावरचा हिरवा ठिपका बघूनच घेणार. कॅप्सूलचं टरफल जनावराच्या हाडा-कातड्यापासून करतात, हे मी एकदा बोलून गेले. तेव्हापासून कसलीही कॅप्सूल लिहून दिली की त्या माझ्या काउंटरवर येऊन हुज्जत घालणार, गोळी द्या, नाहीतर पातळ औषध द्या. डॉक्टरांना फोन करून करून मी बेजार. पण मनातून मला त्या आवडायच्या. बाई बोलेल तशी वागायची.

शिवलीला त्यांची सून. देगलूरकडची, त्यांच्याच समाजातली, विष्णुपुरीला हॉस्टेलवर राहून इंजिनिअर झालेली. लग्नाला वर्ष झालं असेल. उन्हाळ्यात एक दिवस भाकरी थापता थापता पडली. हातपाय आखडले, तोंडाला फेस आला, हात तव्याला लागून भाजला. लातूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं, एमआरआय झालं. डोक्यात जंताच्या अळीची गाठ निघाली.

तपासताना डॉक्टरांनी नेहमीच्या रीतीनं एक प्रश्न विचारला, घरात डुकराचं मांस खाता का? नागरबाई समोरच्या खुर्चीवर बसलेल्या. त्या एका प्रश्नानं पुढचं सगळं झालं.

मन्मथ चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आला. तीन औषधं होती. एक फिटची गोळी, एक सूज आवरायची, म्हणजे स्टेरॉइड, आणि एक जंताची. जंताची सकाळ-संध्याकाळ, भरल्या पोटी, तुपाचं जेवण असेल तर उत्तम, कारण तशी ती अंगी लागते. मधे रक्ताच्या तपासण्या. दिवस गेलेले नाहीत ना, हे डॉक्टरांनी आधीच तपासलेलं. मी मन्मथला सगळं फोड करून सांगितलं. अळी मरते तेव्हा तिच्याभोवती सूज येते. पायाला सूज आली तर पाय सुजतो, मेंदूला सुजायला जागाच नाही. म्हणून स्टेरॉइड. आणि फिट येऊ नये म्हणून फिटची गोळी. ही तीन औषधं नाहीत, तिन्ही मिळून एकच औषध आहे असं समज. त्यानं मान हलवली. पण डोळे भलतीकडेच होते. मला वाटलं, बायकोच्या काळजीनं.

दुसऱ्याच दिवशी नागरबाई आल्या. दुकानात कुणी नाही असं बघून आल्या आणि स्टुलावर बसून राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, आमच्या घरात हे आलं कुठून?

मी कागद घेतला आणि चित्र काढून समजवायला बसले. डुक्कर काढलं, ते म्हशीसारखं झालं. असो. मी म्हणाले, बगा नागरबाई, असलं अर्धकच्चं मांस कुणी खाल्लं की त्याच्या पोटात लांब जंत होतो. तो माणूस ठणठणीत हिंडत असतो. त्या जंताची अंडी त्याच्या शौचातून पडतात. त्यानं हात नीट धुतले नाहीत, किंवा ती घाण पाण्यातून भाजीपाल्यावर गेली, आणि ती अंडी दुसऱ्या कुणाच्या पोटात गेली, तर त्या दुसऱ्याच्या डोक्यात अशी गाठ होते. म्हणजे डोक्यात गाठ असलेल्यानं मांस खाल्लेलं असायलाच पाहिजे असं नाही. जन्माचा शाकाहारी असला तरी होते.

नागरबाई बराच वेळ माझ्या डुकराकडे बघत होत्या. मला वाटलं, पटलं. मग त्यांनी विचारलं, म्हणजे कुणाची तरी घाण आमच्या पोटात गेली म्हणता?

ते खरंच होतं. मी हो म्हणाले.

"त्यापरीस तिनं खाल्लं असलं तर बरं," नागरबाई म्हणाल्या.

त्यांचंही चुकत नव्हतं, त्यांच्या बाजूनं. सुनेनं खाल्लं असेल तर एक माणूस बाटलं. नाहीतर अख्खं घर, पूजेच्या हातांसकट. मी जितकं नीट समजावलं तितकं त्या पोरीचं नुकसान करून बसले. उठताना त्यांनी आणखी एक विचारलं, डोक्यातला जंत पडणार कुठून, नाकातून? मी म्हणाले, पडत नाही, तिथंच मरतो, तिथंच जिरतो. त्यांच्या अंगावर काटा आलेला मी पाहिला.

मग घरात चौकशी सुरू झाली. काय खाल्लंस. हॉस्टेलात काय मिळायचं. मेसला आचारी कोण होता, कुठला होता. मैत्रिणी कोण. काय खाल्लंस, खरं सांग. शिवलीला सांगायची, अंडंसुद्धा खाल्लं नाही. नागरबाई ऐकून घ्यायच्या आणि संध्याकाळी पुन्हा विचारायच्या. तिचं ताट वेगळं झालं, पाण्याचा तांब्या वेगळा झाला, देवघरात जायचं बंद. ओरडणं नाही, मारणं नाही. नागरबाई आवाज चढवणाऱ्यातल्या नव्हेत. पण सकाळ-संध्याकाळ तेच ते विचारणं चालू.

आठवडा झाला नसेल, मन्मथनं दोन पाकिटं आणून काउंटरवर ठेवली. म्हणाला, हे परत घ्या अक्का, लागत नाहीत. आणि जंताच्या आणखी द्या.

उरलेली पाकिटं परत करायला लोक नेहमीच येतात. मला आधी वाटलं, डॉक्टरांनी औषध बदललं. नवी चिठ्ठी मागितली तर नव्हती. पाकिटं बघते तर एक फिटच्या गोळ्यांचं, एक स्टेरॉइडचं, दोन्ही जवळजवळ भरलेली. मी विचारलं, हे कुणी बंद केलं? अव्वानं, तो म्हणाला, म्हणजे आईनं. नागरबाईंनी औषधपाणी स्वतःच्या हातात घेतलं होतं. पहाटे सुनेला उठवायचं, आंघोळ घालायची, उपाशीपोटी आधी गुळाचा खडा द्यायचा आणि वर जंताची गोळी. गुळाला जंत गोळा होतात आणि मग औषध त्यांना नेमकं गाठतं, ही आमच्याकडची जुनी रीत. ओव्याचा काढा देताना असंच करत. फिटच्या गोळीनं तिला झोप येते म्हणून ती बंद. आणि सुजेच्या गोळीनं तोंड सुजतं, असं गल्लीतल्या कुणीतरी सांगितलं, म्हणून तीही बंद. सुजेची गोळी आणि सूज आणते, हे ऐकून माणूस घाबरणारच. शिवाय ते अगदी खोटंही नाही, फार दिवस घेतली तर तोंड सुजल्यासारखं दिसतंच.

नागरबाईंच्या मनात पाप नव्हतं. त्यांच्या लेखी आजार म्हणजे तो जंत. फिट काय, डोकेदुखी काय, जंत निघाला की आपोआप जाणार. घरातली विटाळाची वस्तू आधी बाहेर काढायची, एवढंच त्यांना दिसत होतं. सून बरी व्हावी म्हणून चाललं होतं की घर स्वच्छ व्हावं म्हणून, यातला फरक त्यांना तरी माहीत होता का, कुणास ठाऊक. मला तर त्याचा अजून पत्ता लागत नाही.

मी लातूरला डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला. तिकडून सांगितलं, जंताची गोळी पुढची देऊच नका, पेशंटला आत्ताच्या आत्ता घेऊन या. मन्मथ पळत घरी गेला. गाडी दारात येईपर्यंत शिवलीला उंबऱ्यात पडली. एक फिट थांबते न थांबते तोच दुसरी. तशीच नेली. दुपारभर मी दुकानात होते, पण डोकं ठिकाणावर नव्हतं. खोकल्याचं औषध मागणाऱ्या एका बाईला मी खरजेचं मलम काढून दिलं. ती म्हणाली, अक्का, तुम्ही घरी जा.

काही दिवस लातूरला काढून शिवलीला परत आली. या खेपेला नागरबाई हादरल्या होत्या. मी जे सांगितलं ते त्यांनी शब्दशः केलं. तिन्ही औषधं वेळेवर, जेवणाबरोबर, वर घरच्या तुपाची धार. स्टेरॉइड एकदम बंद करायचं नाही, डॉक्टर सांगतील तसं हळूहळू कमी करायचं, हेसुद्धा पाळलं. पुढच्या तपासणीत गाठ आकसल्याचं दिसलं. गोळी उपाशीपोटी घेतल्यानं नीट लागली नसेल, आणि लागली नाही म्हणून तर पोरगी वाचली नसेल ना, असं मी एकदा डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मला तेवढंच बरं वाटलं की त्यांनाही सांगता येत नाही.

पण ताट वेगळं ते वेगळंच राहिलं. औषध मनापासून द्यायच्या आणि ते वेगळ्या ताटात. एक दिवस नागरबाईंनीच मला सांगितलं, नागपंचमीला तिचे वडील न्यायला येतील. रीतच आहे, कुणी काही म्हणणार नाही. "मंग आमी आणायला जात न्हाई." नवीन सून पंचमीला माहेरी जाते, गल्लीत कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. शिवलीलालाही माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांची शौचाची तपासणी करायला सांगितली होती. जंत पोटात बाळगणारं माणूस जवळचंच असू शकतं, म्हणून. नागरबाईंनी आपली डबी सगळ्यात आधी दिली, आणि ती आरतीच्या ताटासारखी दोन्ही हातांत धरून नेली. तपासणीत काही निघालं नाही. मन्मथचं मात्र आज बाजार आहे, उद्या बिदरला जायचंय, असं चाललेलं.

आषाढ सरत आला असताना तो भर दुपारी आला आणि एक चिठ्ठी पुढे केली. लातूरच्या डॉक्टरांची, वर नाव त्याचंच. ही गोळी तिकडे कुठं मिळाली नाही, मागवून द्या म्हणाला. पोटातल्या लांब जंताची गोळी ती, क्वचितच खपते, त्यामुळे कुणी ठेवत नाही. डॉक्टरांनी त्याच्या डोक्याचाही फोटो आधी काढून घेतला होता. कारण डोक्यात लपलेली गाठ असली तर ह्या गोळीनंसुद्धा फिट सुरू होऊ शकतात. म्हणून तर मी म्हणते, जंताचं औषध आपल्या मनानं घेऊ नका. चिठ्ठी वाचली आणि मी त्याच्याकडे पाहिलं. तो भिंतीवरची टूथपेस्टची जाहिरात वाचत होता.

मग त्यानं सांगितलं. मित्रांबरोबर निलंग्याकडे शेतात जेवणं व्हायची. पिकात शिरलेलं रानडुक्कर मारलं असं मित्र सांगायचे, खरं कुठलं होतं देव जाणे. तीन दगडांची चूल, अंधार, शिजलं न शिजलं. लग्नाआधी गेला, लग्नानंतरही गेला. घरी येऊन हात धुवायचा, पण आपल्या अंगात काय आहे ते त्याला कुठं ठाऊक होतं?

अव्वाला सांगू नका, एवढंच तो म्हणाला. मी म्हणाले, कुणाची गोळी कुणाला लागते, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आताही सांगणार नाही. पण तू सांग. तुझ्या बायकोला पंचमीला पाठवताहेत, आणि आणायला कुणी जाणार नाही. तो म्हणाला, माहीत आहे. पंचमी होऊ द्या, मग बगतो.

गोळी आली, त्यानं घेतली, पुढची तपासणी चांगली आली. आणि मी अडकून बसले. तोंड उघडावं तर धंद्याचा धर्म बुडतो, न उघडावं तर पोरीचं घर बुडतं. मन्मथ दिसला की मी नजरेनं विचारायची, तो गाडीला किक मारून निघून जायचा. त्याचा मला राग यायचा, आणि अव्वापुढे उभं राहायची त्याला किती भीती असेल तेही समजायचं.

मधे शिवलीला स्वतः फिटच्या गोळ्या न्यायला आली. वाळली होती. काउंटरवर बोटानं रेघा ओढत म्हणाली, अक्का, मेसमधल्या कोशिंबिरीतून झालं असेल का? मी म्हणाले, होऊ शकतं, कुठूनही होऊ शकतं. मग ती म्हणाली, "का कुणी मला न कळत खाऊ घातलं असेल? रोज विचारतात, तर आता मलाच खात्री वाटेना झालीय."

मी म्हणाले, तू काही खाल्लेलं नाहीस. तुम्हाला कसं माहीत, तिनं विचारलं. मी म्हणाले, आजारच तसा आहे. तेही खरंच होतं. पण तिला त्याचा काय उपयोग?

पंचमीच्या आदल्या दिवशी तिचे वडील आले. डोक्याला टोपी, हातात लाह्यांची पिशवी, खुशीत होते. देगलूरची गाडी समोर लागलेली. गाडीत बसायच्या आधी महिन्याच्या गोळ्या घेऊन जाऊ म्हणून सगळे माझ्या काउंटरपाशी आले, शिवलीला, वडील, नागरबाई. मन्मथ मागे मोटारसायकलला टेकून उभा. मी वडिलांना सांगत होते, फिटची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, अगदी ठणठणीत वाटलं तरी. विहिरीवर, चुलीपाशी एकटीला सोडायचं नाही. पंचमीचा झोका उंच घेऊ द्यायचा नाही. जंताचा कोर्स झालाय, तो पुन्हा आपल्या मनानं सुरू करायचा नाही. ते प्रत्येक वाक्याला हाव, हाव म्हणत होते.

मग त्यांनी हसून नागरबाईंना विचारलं, आणायला कधी येताय?

गोळ्या संपेपर्यंत राहू द्या तिकडंच, नागरबाई म्हणाल्या. मग बघू.

गोळ्या कधी संपतात, असं वडिलांनी मला विचारलं. मला खोटं बोलता आलं नाही. म्हणाले, वर्ष, दोन वर्षंसुद्धा चालतात. ते आधी माझ्याकडे बघत राहिले, मग पोरीकडे, मग हातातल्या पिशवीकडे. आपण पोरगी पंचमीला नेत नाही आहोत, हे त्यांना तिथं, माझ्या काउंटरपाशी कळलं. शिवलीलालाही तिथंच कळलं.

तेव्हा मागून मन्मथ बोलला. "अव्वा, ते माझ्यापासनं झालंय. मला निघाला जंत. मी खाल्लं होतं."

नागरबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या माझ्याकडे वळल्या आणि विचारलं, ह्याच्या गोळ्या जेवून घ्यायच्या का उपाशी? मी म्हणाले, त्यानं घेतल्या, तो बरा झालाय. पुन्हा निघणार नाही ना? नाही म्हणाले मी. मग झालं तर, त्या म्हणाल्या, आणि सुनेच्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढे केला. म्हणाल्या, चल घरी, वडिलांना जेवू घाल.

शिवलीलानं पिशवी सोडली नाही.

"आत्या, मला रोज विचारत होतात, काय खाल्लंस म्हणून. ह्यांना एकदा विचारा."

ती भांडत नव्हती. नुसती वाट बघत उभी राहिली. मला दिसत होतं, एवढं विचारलं असतं तर ती मागं फिरली असती. समोर कंडक्टरनं घंटी मारली. नागरबाईंनी मुलाकडे पाहिलं, ओठ हलले, आणि त्यांनी मान खाली घातली. शिवलीलानं औषधाची पिशवी छातीशी धरली आणि वडिलांबरोबर रस्ता ओलांडून गाडीत चढली.

गाडी वळून दिसेनाशी झाली, आणि नागरबाई मन्मथकडे वळल्या.

"काय खाल्लंस?"

सुनेला विचारायच्या तोच आवाज. मन्मथनं सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा सांगितलं. माझ्या दुकानासमोर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत त्या विचारत राहिल्या आणि तो सांगत राहिला. एवढे दोन शब्द, गाडी समोर उभी होती तोवर त्यांच्या तोंडून का निघाले नाहीत, ते मला आजतागायत कळलेलं नाही. शिवलीला परत आली नाही.